सल्ला हवा: घोडी सकाळपासून तीन पायांवर उभी, खुरात पू झालाय का?

वरातवाला
नमस्कार मंडळी, जिंतूर तालुक्यातून लिहितोय. घरी मारवाडी घोडी आहे, सहा वर्षांची, माळेगावच्या यात्रेतून आणलेली. वरातीला जाते. घर तिच्यावर चालत नाही, पण सोयाबीननं दगा दिला की तिचाच आधार. काल संध्याकाळी ठणठणीत होती. आज पहाटे बघतो तर पुढचा उजवा पाय टेकवतच नाही, नुसतं टोक लावून उभी. जखम नाही, सूज नाही. शेजारचे म्हणतात पाय मोडला, आता हिचं काही खरं नाही. गावातल्या एकानं सकाळी दोन सुया टोचल्या, पैसे घेतले, संध्याकाळपर्यंत फरक शून्य. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी दहा दिवसांवर आलीये. काय असेल? परभणीकडचा कुणी डॉक्टर सुचवा.

गोदाकाठ
दादा, आधी घाबरणं थांबवा. एका रात्रीत घोडं तीन पायांवर आलं की मोडण्यापेक्षा खुरात पू होण्याची शक्यता जास्त. तीन गोष्टी बघून सांगा. एक, दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवा, उजवा जास्त गरम लागतो का? दोन, खुराच्या वरचा जो सांधा आहे त्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांना, बोटांची टोकं हलकेच दाबून नाडी शोधा. चांगल्या पायात ती मुश्किलीनं सापडते. पू असेल तर बोटाखाली ठणठण उडते. तीन, नाल कधी मारली?

बालाघाटी
बिब्बा तापवून तळव्याला लावा. आमच्या आज्यापासून हेच चालत आलंय. उद्या पळेल.

गोदाकाठ
बालाघाटी मामा, राग मानू नका, पण बिब्बा उतला तर वरची कातडी सोलून निघते आणि आतला पू आहे तिथंच. आमच्या एका शिंगराला असंच केलं होतं. खूर बरा झाला आठ दिवसांत, बिब्ब्याची जखम दीड महिना चिघळली.

वरातवाला
बघितलं. खूर गरम आहे. नाडी डाव्याला सापडलीच नाही, उजव्याला अशी उडते की बोट ठेवल्याबरोबर कळतं. नाल आठ दिवसांपूर्वी मारलीये. नेहमीचा नालबंद गावाला गेला होता म्हणून फिरस्त्याकडून मारून घेतली. मारताना एकदा घोडीनं पाय हिसकला होता, मी म्हटलं नवा माणूस आहे म्हणून बिचकली असेल.

जुनीपागा
तिथंच पाणी मुरतंय. खिळा आतल्या जिवंत भागाच्या फार जवळून गेला की आधी काही कळत नाही, आठ-दहा दिवसांनी पू धरतो. हिसकला तो खिळा कुठला हे आठवत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, अर्धं काम होतं. आणि यंदा दिवाळीपर्यंत पाऊस लांबला, काळ्या रानातला चिखल खुराला चिकटून राहतो. खूर भिजून मऊ, मग उन्हात कडक, मग परत मऊ. तळवा आणि भिंत जिथं जुळते तिथं बारीक फटी पडतात आणि घाण आत शिरते. म्हणजे सगळा दोष नालबंदाचाच असेल असंही नाही.

डॉक्टरांचं म्हणाल तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला तेच जवळ. लातूरकडच्यांना उदगीरचं. पण या अवस्थेत टेम्पोत चढवून नेण्याआधी १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा, फिरतं पथक घरी येऊ शकतं.

वरातवाला
तोवर माणसांची दुखण्याची गोळी कुटून चंदीत घालू का? फार तळमळतीये. कान मागं टाकून उभी, कडब्याला तोंडसुद्धा लावत नाही.

जुनीपागा
अजिबात नको. डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या औषधावर तर, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून, २००६ पासून जनावरांसाठी बंदीच आहे. घोड्याची दुखण्याची औषधं वेगळी, मापही वेगळं, ते डॉक्टर देतील. तुम्ही एवढंच करा: कोरड्या जागी भरपूर काड अंथरून बांधा, पाणी तोंडापाशी ठेवा, आणि चालवून बघायचा मोह टाळा. चंदी निम्म्यावर आणा, कडबा, गवत मात्र हवं तेवढं. उभ्या घोड्याला हरभरा चारत राहिलं की पोट दुखून दुसरंच लचांड मागं लागतं.

अजून एक. दोन्ही पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभी राहिली, तर ते पूचं नाही, तो वेगळा आणि जास्त वाईट आजार. लगेच कळवा.

वरातवाला
डॉक्टर येऊन गेले. सांगतो सगळं, कारण बघण्यासारखं होतं. नाल काढली. मोठ्या पकडीनं खूर थोडा थोडा दाबत गेले, आतल्या बाजूच्या दुसऱ्या खिळ्यापाशी आले तशी घोडी मागं सरकली. तिथं वाकड्या टोकाच्या सुरीनं कोरायला लागले. आधी पांढरं, मग एक काळी रेघ, ती रेघ धरून आत, आणि एकदम करडं काळं पाणी फुस्सदिशी बाहेर. वास असा की धरायला उभा असलेला भाचा पळाला. नासलेली अंडी बरी. भोक हरभऱ्याच्या दाण्याएवढंच, मला वाटलं होतं अर्धा खूर कापतील. डॉक्टर म्हणाले मोठं भोक केलं तर आतला जिवंत भाग बाहेर येतो, पू वाहील एवढीच वाट हवी. तासाभरानं तिनं टाच टेकवली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अँटिबायोटिक दिलं नाही, हे बरोबर आहे का?

गोदाकाठ
बरोबर आहे. पू टणक खुरात कोंडलेला असतो, रक्तातून गेलेलं औषध तिथवर धड पोचत नाही. वाट मोकळी झाली की बहुतेक काम झालं. ताप चढला किंवा सूज सांध्याच्या वर सरकायला लागली तर गोष्ट वेगळी. धनुर्वाताचं दिलं ते फार चांगलं केलं, घोड्याइतका धनुर्वात दुसऱ्या कुठल्या जनावराला सहज होत नाही.

आता दोन-तीन दिवस रोज एकदा कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवा. मेडिकलवर मॅगसल्फ म्हणूनही मिळतं. मग पुसून कोरडा करा, तेच एप्सम सॉल्ट आणि पोव्हिडोन आयोडिनचा लगदा कापसावर घेऊन भोकावर बसवा, वरून लहान मुलाचं डायपर, त्यावर चिकटपट्टी आडवी-तिडवी. चिकटपट्टी केसांच्या कडेवर घट्ट आवळू नका, तिथं रक्त अडतं. बाहेरून जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला की पट्टी दोन दिवस टिकते.

बालाघाटी
पाण्यात जास्त दिवस ठेवू नका एवढं मी पण सांगतो. मऊ पडलेल्या खुरात परत पू धरतो.

गोदाकाठ
हे मामांचं शंभर टक्के खरं. पू थांबला की पाणी बंद, फक्त कोरडी पट्टी.

नवा_घोडेवाला
मध्येच विचारतो. आमच्या घोड्याच्या खुरात वेड्या बाभळीचा काटा आहे, अगदी मधल्या मऊ त्रिकोणी भागात. उपटू का?

जुनीपागा
तुमचं प्रकरण वेगळं आणि घाईचं. मधल्या भागातून खोल गेलं तर आत सांध्यापर्यंत पोचतं. डॉक्टर जवळ असतील तर काटा तसाच ठेवा, किती आत आणि कुठल्या दिशेनं गेलाय हे त्यांना दिसू द्या, जमलं तर एक्स-रे. फक्त पाय टेकून तो आणखी आत जाणार नाही असं बांधा. आजच न्या, उद्यावर टाकू नका.

वरातवाला
सहावा दिवस. पट्टी कोरडी निघाली, वास गेला, चारही पाय टेकून कडबा ओढतीये. डायपर आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला बाळ किती किलोचं? म्हटलं साडेतीनशे. सुपारी मात्र शेजारच्या गावच्या घोडीला दिली, तिथं डीजेपुढं तीन तास नाचवायचं होतं, जीव झाला नाही. आता नाल कधी मारू?

जुनीपागा
सुपारी सोडलीत ते बरं केलं. भोकाचा तळ टणक होऊ द्या, बोटानं दाबल्यावर पाय हिसकता कामा नये. मग आधी मुरमाच्या वाटेवर हातात धरून चालवा, काळ्या रानात नको. नाल मारताना ते खिळ्याचं घर रिकामंच ठेवायला सांगा. खूर महिन्याला सेंटीमीटरही धड वाढत नाही, ती जागा कापून निघायला वेळ लागेल. आणि आता मारणार कोण, तुमचा नेहमीचा ना?

वरातवाला
तोच. सोमवारी येतोय.