जांभळाच्या बियांचं चूर्ण की गोळी?

वैतागलेला_मुलगा
बाबांना अकरा वर्षांपासून डायबेटिस. चार महिन्यांपूर्वी गावाहून आत्या आली आणि जाताना जांभळाच्या बियांच्या चूर्णाची बरणी ठेवून गेली. वर फर्मान, "ती साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, बंद कर दादा, किडन्या जातात त्यानं." बाबांनी कुणाला न सांगता गोळ्या निम्म्या केल्या. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.१ होतं, आता ८.९. माझ्या मते हा पाला-बियांचा प्रकार म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. कुणाचं वेगळं मत?

रानवाटा
साफ असहमत. मेटफॉर्मिन आलं कुठून? युरोपात गॅलेगा नावाचं रानझुडूप आहे, त्यातल्या गॅलेगीनच्या कुळातला हा रेणू. त्याच्याच नात्यातल्या ग्वानिडिननं प्राण्यांची साखर उतरते हे १९१८ साली दिसलं, फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी १९५७ साली माणसांवरचे निष्कर्ष छापले. डॅपाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच. त्याचा पूर्वज फ्लोरिझिन, १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला. केमिकल म्हणून नाकं मुरडता ती झाडांचीच नातवंडं आहेत.

खलबत्ता
अहो, पण आजोबांची तब्येत काय होती तेही सांगा! गॅलेगा खाऊन मेंढ्या मरतात. गॅलेगीन माणसांना देऊन पाहिलं आणि विषारी म्हणून सोडून दिलं. फ्लोरिझिन पोटातून घेतलं तर आतड्यातच फुटतं, रक्तात फारसं पोचत नाही. रेणूत फेरफार केले, मात्रा ठरवली, तेव्हा कुठे गोळी झाली. आणि किडनीचं म्हणाल, तर ती बिघडवते वाढलेली साखर. किडनी आधीच मंदावली असेल तर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, त्याचा लोकांनी उलटा अर्थ लावलाय.

गोडघाशा
समाधान कसलं? डायबेटिसवर देतात त्या गुडमारच्या वेलीचं पान चावून बघा एकदा. मी दोन पानं चावली, मग चमचाभर साखर तोंडात टाकली. वाळू! नुसती करकर. चहा प्यायलो तर कोमट दूध-पाणी. अर्ध्या-पाऊण तासानं चव परत आली. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचे गोडाचे ग्राहक अडवतात. जेवणानंतरचा पेढा माझा त्यावर सुटला.

खलबत्ता
पेढा सुटला हे उत्तम. पण ते जिभेचं झालं, रक्ताचं नाही.

कोकणी_माणूस
वजन उतरवायच्या औषधांच्या बाजारात तर याहून मजा. आमच्या कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, त्याच्याच गोतातल्या गार्सिनिया कंबोजियाच्या कॅप्सूल चरबी जाळतात म्हणून खपवल्या. अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, १९९८ साली छापून आली. औषधवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं ४.१! सोलकढी प्या, माशाच्या जेवणावर दुसरं काही शोभत नाही, पण पँट सैल व्हायची वाट बघू नका.

रानवाटा
एक फसलं म्हणून सगळी फसवी? दारुहळदीतल्या बर्बेरिननं साखर उतरल्याचं चाचण्यांत दिसलंय.

खलबत्ता
दिसलंय, पण बऱ्याचशा चाचण्या लहान. तेच बर्बेरिन यकृतात इतर औषधं मोडणारे एन्झाइम अडवतं, म्हणजे शेजारच्या गोळीचा डोस न कळत वाढतो. आणि त्याला 'नैसर्गिक ओझेम्पिक' (ओझेम्पिक म्हणजे साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन) म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

माहेरची_लेक
आई ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेते. शिवाय सकाळी ग्लासभर कारल्याचा रस. एकदा ओट्याशी घामाघूम होऊन खाली बसली, हात थरथरत होते. मशीनवर साखर ५२, म्हणजे फारच कमी. गूळ भरवला तेव्हा बोलायला लागली.

रानवाटा
म्हणजे कारलं काम करतं की! नाश्ता उशिरा झाला होता का?

माहेरची_लेक
हो, पावणेअकराला. रसामुळे की उपाशी पोटामुळे, काय सांगणार? गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, कारलं रोज वेगळ्या भाजीवाल्याकडचं.

वैतागलेला_मुलगा
अपडेट. बाबा पूर्ण डोसवर आले, कुरकुर करत. आत्याला फोन लावून विचारलं, तुझी साखर किती राहते चूर्णावर? ती म्हणे, "मी कुठे घेते? मला दोन वेळा मेटफॉर्मिन आहे. ती बरणी शेजारणीनं दिलेली, संपेना म्हणून तुमच्याकडे आणली."