वडिलांच्या कानात सतत रातकिडा वाजतो, तेल सोडू का?

मागवाल्याचा पोरगा: मंडळी, प्रश्न वडिलांचा आहे, वय ६६. इचलकरंजीत उभी हयात साध्या यंत्रमागांवर गेली. आता माग भंगारात दिले, घर शांत झालं आणि यांची तक्रार सुरू: "रातकिडा वरडतोय, बघ जरा." आम्ही खरंच कपाट सरकवून पाहिलं! आवाज दोन्ही कानांत, रात्री जास्त. शेजारच्या काकू म्हणतात लसूण कढवून तेल सोडा. नेटवर एक जण 'मुळापासून बरं' करायच्या गोळ्या विकतोय, कोर्स नऊ हजाराचा. काय करू?

कानाचा डॉक्टर: तेल अजिबात नको. पडद्याला भोक असेल तर नवंच दुखणं ओढवून घ्याल, गरम तेलानं भाजतं ते वेगळं. आधी कान तपासून घ्या. नुसता मळ घट्ट बसला असला तरी असा आवाज येतो, तो काढला की काम झालं. मळ नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. मागावरच्या माणसाच्या आलेखात (ऑडिओग्राम) बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, म्हणजे त्या बारीक, उंच पट्टीचं कमी ऐकू येतं. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले की आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, त्या परत उगवत नाहीत. तिकडून येणारं ऐकू येईनासं झालं की मेंदू आपल्याकडूनच आवाज वाढवतो, तोच हा रातकिडा, असं मानतात. हा आवाज मुळापासून घालवणारी गोळी आज नाही, नऊ हजार वाचवा. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी सोबत न्या, पण आपल्या मनानं एकही बंद करू नका.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा चक्कर येत असेल तर वेळ घालवू नका. ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.

जुना फिटर: मी एसटीच्या वर्कशॉपात होतो, माझ्याही कानात शिट्टी आहे. ऐकायचं मशीन लावायला लाज वाटायची, लोक म्हातारा म्हणतील म्हणून. सुनेनं जबरदस्तीनं लावलं. बाहेरचं नीट ऐकू यायला लागलं तशी शिट्टी मागं पडली. गेली नाही हां, पण दिवसभर आठवत नाही. रात्री पंखा चालूच ठेवतो, थंडीतसुद्धा, त्यावरून घरात भांडण आहे. पार शांत खोलीत झोपवू नका त्यांना. आणि "भास होतोय तुम्हाला" असं कुणी म्हणू नका, माणूस आणखी चिडतो.

मागवाल्याचा पोरगा: दोघांचे आभार. रेडिओ बारीक लावून झोपतात, आई बंद करते, तिला वाचून दाखवलं. सोमवारी कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात नेतोय. मशीन दोन्ही कानांना घ्यावं लागतं का?

कानाचा डॉक्टर: दोन्हीकडे ऐकू कमी असेल तर शक्यतो दोन्हीकडे. आधी ऑडिओग्राम येऊ द्या, तोवर दुकानात जाऊ नका.