मोबाइलचा उशीर वजा कसा करायचा?

नाशिकरोडला नववीच्या मुलांसोबत विज्ञान प्रदर्शनासाठी प्रतिक्रियेचा वेळ मोजतोय. वरून सोडलेली पट्टी मुलं २० सेंमीच्या आसपास पकडतात, म्हणजे साधारण ०.२ सेकंद. तीच मुलं मोबाइलवर लाल चौकोन हिरवा झाला की बोट टेकवतात, तेव्हा आकडा ०.३ च्या पुढे! फोन बदलला, बॅटरी सेव्हर बंद केला, प्रत्येकी दहा वेळा घेतलं. फरक जात नाही. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनचे फार तर १७ मिलिसेकंद, मग बाकीचे कुठले? (मुलं झोपेत नव्हती, शपथ.)

ऑसिलोस्कोप (विजेच्या संकेतांचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन आहे, म्हणजे चारेक मिलिसेकंदांपर्यंत दिसतं. त्यात बोट काचेला टेकल्यापासून रंग पुन्हा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजून तेवढंच वजा केलं तर चालेल, की टचचा आणि स्क्रीनचा उशीर वेगवेगळा मोजावा लागेल?