टिपणे, काढणे, घोस, महिरप : छायाचित्रांखालच्या ओळींसाठी शब्द

प्रश्न :

सकाळी फिरायला निघालो की फोन खिशात असतोच, त्यामुळे वाटेतला बहावा, एखाद्या कुंपणावरची जास्वंद, पुण्याच्या जुन्या पेठांमधील वाड्यांचे खांब आणि चौकटी यांची छायाचित्रे काढण्याची सवय मला लागली आहे. घरी आल्यावर प्रत्येक छायाचित्राखाली मराठीत एक ओळ लिहितो आणि नेमका तेथेच अडतो. परवा मी "ताम्हणाचे घोस कॅमेऱ्यात कैद केले" असे लिहिले, तेव्हा थोरल्या बहिणीने "घोस नव्हेत ते, आणि फुलांना कैद कशाला?" असे विचारून वाक्याची दोन्ही टोके निकालात काढली. तेव्हा क्रियापद कोणते योजावे, ताम्हणाच्या फुलोऱ्याला काय म्हणावे, आणि वाड्याच्या दोन खांबांमधील नक्षीदार भागाला कमान म्हणावे की महिरप, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद :

आपल्या भगिनींशी मी सहमत आहे. "राजाने त्याला कैद केले" हे मराठी शुद्ध आहे, परंतु "कॅमेऱ्यात कैद" हा प्रयोग हिंदीच्या वळणाचा आहे आणि फुलाच्या संदर्भात तो कानाला विशेषच खटकतो. आपल्याकडे दोन चांगली क्रियापदे पूर्वीपासून आहेत. "काढणे" हे चित्र काढणे, रांगोळी काढणे या ओळीतले असल्यामुळे फोटोलाही ते सहज लागू झाले असावे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. "टिपणे" मात्र वेगळ्या जातीचे आहे. पाखरू दाणे टिपते, टीपकागद जादा शाई टिपतो, रडणाऱ्याचे डोळे पदराने टिपले जातात, ऐकलेले महत्त्वाचे तेवढे टिपून ठेवले की त्याचे टिपण होते. या सर्व उपयोगांमध्ये वस्तू लहान आहे, निवडलेली आहे आणि उचलणारा हात किंवा चोच हलकी आहे. म्हणून जास्वंदीच्या केसरांवर क्षणभर टेकलेली मधमाशी टिपली, हे अगदी चपखल वाटते. याउलट 1732 पासून जागेवर उभा असलेला शनिवारवाडा "टिपला" असे लिहिलेले वाचून मला नेहमी हसू येते, कारण तो काही उडून जाणार नव्हता. त्याचा फोटो काढला एवढे पुरे. त्याच वाड्याच्या दिल्ली दरवाजावर बसलेले कबुतर मात्र खुशाल टिपावे.

प्रतिसाद :

फुलांपुरते लिहितो. घोस लोंबतो आणि तुरा उभा राहतो, एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक वेळा भागते. बहाव्याची पिवळी फुले खाली झुलतात, म्हणून ते घोस. ताम्हणाची जांभळी फुले फांदीच्या टोकाला वर उभारलेली असतात, म्हणून ते तुरे, जसा फेट्याचा किंवा कोंबड्याचा. उसालाही तुराच येतो. आंब्याच्या बाबतीत मात्र "मोहर" हा शब्द सोडून दुसरा वापरू नये. "बहर" हा फारसीतून आलेला शब्द मूळचा वसंताचा असला, तरी डाळिंबाच्या बागायतदाराशी बोलताना जपून वापरावा, कारण त्याच्या लेखी मृग बहर, हस्त बहर आणि आंबे बहर हे पिकाचे तीन हंगाम असतात. जाता जाता, ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, आणि पूजेतले तांब्याचे ताम्हणही आपल्याला ठाऊक असल्यामुळे "ताम्हणात फुले" या ओळीचे दोन अर्थ होतील.

प्रतिसाद :

कमान आणि महिरप यांचा घोटाळा जुना आहे. कमान म्हणजे फारसीत धनुष्य. त्यावरून भिंतीतील वा पुलाखालील वाकवलेल्या बांधकामाला हे नाव मिळाले, आणि पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून वरचा भार दोन्ही बाजूंना उतरवतात, हे तिचे काम आहे. महिरप हा शब्द अरबीतील मिहराब या शब्दापासून आला. मशिदीत किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या वेळी जिकडे तोंड करतात त्या मक्केकडची, दिशा दाखवणारा भिंतीतील कोनाडा म्हणजे मिहराब. मराठीत मात्र हा शब्द पाकळ्यापाकळ्यांच्या कडेला चिकटला. म्हणूनच ताटाभोवती रांगोळीची महिरप असते, गणपतीच्या मखराला महिरप असते, आणि गणिताच्या पुस्तकात महिरपी कंस असतो, ज्याचा भार वाहण्याशी काडीचा संबंध नाही. पेशवेकालीन वाड्यांत सुरूच्या आकाराच्या दोन लाकडी खांबांमध्ये जी नागमोडी कडेची फळी बसवलेली दिसते, ती महिरप. दिल्ली दरवाजाची दगडी, टोकदार, ती कमान. दगडी बांधकामालाच तशी पाकळ्यांची कड दिलेली असेल, तर "महिरपी कमान" म्हणण्याची सोय आहेच. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागातील आकाराला "पिंपळपानाकृती कमान" असे म्हणतात, आणि मला हे वर्णन फार आवडते, कारण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आलेले आहे. त्याच न्यायाने खांबाच्या वरच्या अंगाला कोरलेल्या, खाली लोंबणाऱ्या नक्षीला सुतारकामात "केळफूल" म्हणतात. आपण वाडा आणि फूल असे दोन संच वेगळे ठेवत असाल, तर हे छायाचित्र कोणत्या संचात जाईल, हे आपणच ठरवावे. मोठ्या दरवाजातील लहान दाराला "दिंडी" म्हणतात, तोही शब्द आपल्या ओळींत येऊ द्यावा.

प्रश्नकर्ता :

आभार. ओळ आता "ताम्हणाचा तुरा, आणि त्यावर टिपलेला भुंगा" अशी केली आहे. बहिणीला ती मान्य झाली, परंतु तिने लगेच दुसरी हरकत घेतली : जे चित्र प्रकाशाने उमटते, त्याला "छायाचित्र" का म्हणावे?

प्रतिसाद :

संस्कृतात छाया म्हणजे केवळ सावली नव्हे. प्रतिबिंब आणि कांती हेही तिचे अर्थ आहेत, आणि छायाचित्रात प्रतिबिंबाचा अर्थ पुरेपूर बसतो. तरीही भगिनींना प्रकाशच हवा असेल, तर "प्रकाशचित्र" हा शब्द मराठीत लिहिला गेलेला आहे, आणि बंगालीत तर "आलोकचित्र" हाच रुळलेला आहे. बोलताना मात्र आपण दोघांपैकी कोणीही "फोटो"च म्हणेल.