वाढत्या अंगाचा गणवेश : तुमचे अनुभव लिहा

परवा पुतणीला घेऊन सातारच्या मोती चौकातल्या एका कापड दुकानात गेलेलो, ती झेडपीच्या शाळेत, चौथीत गेलीय. दुकानदार विचारतो, "कुठला देऊ? जुना, मधला का परत जुना?" आणि दुकानातली सगळी गिऱ्हाईकं हसली. म्हटलं हसण्यावारी नेण्यासारखं आहे पण आणि नाही पण, म्हणून हा धागा.

ज्यांची पोरं झेडपीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2023 च्या मे महिन्यात त्यावेळचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं की राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना एकच गणवेश. तोवर बऱ्याच शाळांनी आपापल्या ऑर्डरी देऊन टाकलेल्या, ओरड झाली, मग तडजोड काय तर तीन दिवस शाळेचा घाला आणि तीन दिवस सरकारचा. 2024-25 ला मात्र खरोखर एकच रंग आला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पॅन्ट, शिलाई महिला बचत गटांकडे, शिवाय दुसरा जोड स्काऊट-गाईडचा. पोरं 40 लाखांच्या वर, कापड एका ठिकाणाहून, व्हायचं तेच झालं, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन कित्येक शाळांनी जुन्याच कपड्यात केलं. डिसेंबर 2024 मधे निर्णय फिरवला. 2025-26 पासून परत पहिल्यासारखं, शाळा व्यवस्थापन समितीने रंग ठरवायचा, तिनेच खरेदी करायची, दोन जोडांना 600 रुपये.

टीव्हीवर भांडण चाललं ते रंगावर आणि कंत्राटावर. मला त्यात इंटरेस्ट नाही. तुमच्या अंगावर, तुमच्या पोरांच्या अंगावर काय आलं ते लिहा. सातारा सांगलीकडचे बरेच जण आहेत इथे, बाकीच्यांनीही लिहा. पक्षाचं राजकारण आणू नका, त्याला दुसरे धागे आहेत.

डोंगरवाडी

पाटण तालुक्यात शिक्षक आहे, शाळा पहिली ते चौथी, पट 19. त्या वर्षीचे गणवेश केंद्रशाळेत आले ते मीच मोटरसायकलवर रेनकोटखाली बांधून आणले, आमच्याकडे ऑगस्टमधे पाऊस म्हणजे काय ते कोयनेकडच्यांना सांगायला नको. गठ्ठा सोडला तर मापं इयत्तेवर. पहिलीचं एक, दुसरीचं एक असं. आता चौथीतला एक पोरगा किडमिडा आहे, त्याची पॅन्ट बगलेपर्यंत यायला लागली, आणि दुसरीत एक दांडगा आहे त्याच्या पॅन्टचं हुकच लागेना. मी केंद्रप्रमुखांना फोन लावत बसलो तोवर मधल्या सुट्टीत दोघांनी आपापसात बदलून पण टाकलं. वाटप रजिस्टरवर मात्र ज्याची त्याची सही आहे, चौथीचा चौथीला आणि दुसरीचा दुसरीला.

दुसऱ्या जोडाचं तर कापडच आलं, शिलाई आमच्या समितीने करून घ्यायची, त्याला एका गणवेशामागे 100 रुपये आणि वरखर्चाला 10. बाजारच्या गावी टेलरकडे गेलो तर तो म्हणाला, "गुरुजी, 100 रुपयात मी काज-बटण करून देतो, शर्ट तुम्ही शिवा." शेवटी गावातल्या दोन सुनांनी शिवून दिलं, त्यांनी पैसे किती घेतले ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार हा आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार तो असा नियम, अहो इथे जुलैत कपडा वाळायला चार दिवस लागतात, चुलीवर दोरी बांधून वाळवतात, पोरं वर्गात आली की धुराचा वास. कुठला वार कुठला रंग, जो वाळला तो घाला म्हटलं.

एक मात्र चांगलं झालं ते पण सांगतो. 2023 च्या आधी मोफत गणवेश सगळ्या मुलींना, मुलांमधे एससी एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. म्हणजे वाटपाच्या दिवशी मी नावं वाचायचो आणि शेवटी तीन-चार पोरगे तसेच बसून राहायचे. बाप त्यांचापण मुंबईला माथाडीत नाहीतर कुणाच्या रानात, फक्त यादीत नाव नाही. त्यातला एक दरवर्षी विचारायचा, गुरुजी माझं राहिलं का. आता सगळ्यांना मिळतं, तेवढं परत फिरवलं नाही हे बरं केलं.

माणदेशी शिलाई

गुरुजी तुमचं सगळं खरं आहे पण त्यावेळी जो तो बचत गटाच्या नावानं बोटं मोडत होता म्हणून लिहिते. आमचा गट माण तालुक्यातला, अकरा बायका, मशिनी सात, त्यातल्या दोन पायाच्या. आम्हाला वाटलं कापडाचे तागे येतील, शाळेत जाऊन मापं घेऊ, कापू, शिवू. आलं ते कापूनच आलं! पाठी एका गठ्ठ्यात, बाह्या एका गठ्ठ्यात, कॉलर तिसऱ्यात, आणि सगळं एकाच निळ्यातलं असलं तर शपथ, एका शर्टाची बाही फिकी आणि पाठ गडद. ते कुणी कापलं कुठं कापलं आम्हाला माहीत न्हाई. आम्ही नुसतं जोडायचं.

आता शिवणाऱ्या बाईला विचारा. शाळेचं कापड आपण कसं बेततो? खाली दीड-दोन इंच आत दुमडून ठेवतो, कमरेला मागं मार्जिन सोडतो, म्हंजे पुढच्या वर्षी पोरगं वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. वाढत्या अंगाचं शिवणं म्हणतात ते हेच. कापून आलेल्या तुकड्यात आत सोडायला काय उरतच न्हाई, काठाला जेमतेम पाव इंच, टीप मारली की संपलं. मग पोरानं कवायतीला हात वर केला की काखेत उसवतंय. आणि नाव कुणाचं, तर बायकांना शिवता येत न्हाई. तीस वर्षं झाली मला मशीनवर. लाईट रात्री अकराला यायची म्हणून रात्रभर बसलोय आम्ही, पैसे किती महिन्यांनी मिळाले ते राहू दे.

म्हसवडच्या बाजारात एक पोरगं दिसलं, मेथीच्या जुड्या विकत बसलेलं, अंगावर तोच शर्ट. मी वाकून कॉलर बघितली. माझी टीप मी ओळखते, शेवटाला मी दोनदा उलटी मारते. बाही त्याची कोपराच्या खाली आलेली. त्याला म्हटलं घरला आईला सांग दुमडून घाल, तर ते म्हणतंय मावशी मेथी घेणार का.

नुसताचवाचक

मावशी _/\_ मेथी घेतली का मग?

माणदेशी शिलाई

घेतली की. दोन जुड्या.

जतकर

हे 2025 चं चाललंय, आमचं 2017 चं ऐका. त्या वर्षी पैसे थेट खात्यात, आई आणि पोराच्या जॉइंट खात्यावर, दोन गणवेशांचे 400 रुपये. आमचं गाव जतच्या पूर्वेला, शाळा कन्नड माध्यमाची, बँक 22 किलोमीटर. पहिल्या खेपेला साहेब म्हणाला आधार लिंक नाही, दुसऱ्या खेपेला झिरो बॅलन्सवर खातं निघत नाही 500 भरा, तिसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन. बायकोचे तीन दिवसाचे रोज बुडाले, एसटीचं भाडं वेगळं. आणि आधी गणवेश घ्या, पावती शाळेत द्या, मग पैसे पडणार. आमच्या बाजारात कापडवाला पावती देतो होय? शेवटी पोरगीनं थोरल्या बहिणीचाच स्कर्ट कमरेला दोन घड्या मारून वर्ष काढलं. 400 रुपये पडले, उन्हाळ्याच्या सुट्टीत. शिक्षक चांगले होते, कधी बोलले नाहीत, हे पण लिहिलं पाहिजे.

सायकलवाली

आमच्या वेळी मोफत बिफत नव्हतंच. इस्लामपूरजवळचं गाव, 1994 ला आठवीत गेले, हायस्कूल पाच किलोमीटर, सायकल, आणि गणवेश म्हणजे गुडघ्याच्या खाली चार बोटं निळा स्कर्ट. ऊसाच्या ट्रॉल्या जायच्या शेजारून आणि वर बसलेली माणसं... जाऊ दे. एका हातानं हॅन्डल एका हातानं स्कर्ट. आम्ही पाचजणी मिळून बाईंकडे गेलो की आम्हाला पंजाबी ड्रेस चालवा. त्या म्हणाल्या हेडसरांना विचारते, हेडसर म्हणाले पालकांना विचारतो, आणि पालक सभेत गावातल्या एका म्हाताऱ्यांनी, जे आयुष्यभर शाळेच्या पायरीवर चढले नव्हते, उभं राहून सांगितलं की पोरींचं बरोबर आहे, माझी नात पडली परवा. पुढच्या जूनपासून सलवार कमीज लागू. नियम असा बदलला होता आमच्याकडे, एका सभेत. ओढणीला व्ही पिन लावायची सक्ती मात्र लगेच त्याच्या पाठोपाठ आली, त्याचं वेगळं रामायण आहे.

गावभाग

सांगली, ऑगस्ट 2019. आमच्या घरात पाणी पहिल्या मजल्याला लागलेलं. पाच-सहा दिवस नातेवाइकांकडे राहून परत आलो तर कपाटातला सगळा कपडा गाळात. मुलाचा पांढरा शर्ट हँगरलाच होता, छातीपर्यंत तपकिरी आणि वर स्वच्छ पांढरा, मधे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. सोडा, निळ, सगळं केलं, रेघ गेली नाही. मदतीचे कपडे ट्रकनी येत होते, साड्या, झगमग फ्रॉक, एकाला तर लग्नातला कोट मिळाला. शाळा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितलं कुणीही काहीही घालून या. आमचा तो रेघवालाच घालून गेला, ऐकेनाच. दुपारी आला ते सांगत, वर्गात अजून सातजण तसेच होते आणि त्यांनी भिंतीला पाठ लावून कुणाची रेघ किती उंच ते मोजलं.

इतकंच.

झेडपीचा_मास्तर_दुसरा

विषयांतर, पण मार्च 2024 ला आम्हा शिक्षकांसाठीपण ड्रेसकोड निघाला, जीन्स टी-शर्ट नको, चित्रविचित्र नक्षीचे शर्ट नकोत, आणि नावाच्या आधी 'टी' लावायचं. डॉक्टरला डॉ तसं आम्हाला टी. माझी बायको म्हणाली आता चहा मागायची सोयच राहिली नाही.

विश्रामबागेतला_बाप

झेडपीवाल्यांनो तुम्हाला निदान 600 मिळतात. आमचा इंग्लिश मीडियमचा हिशोब ऐका. रोजचा चेक्सचा एक, बुधवारचा पांढरा, हाऊसचा रंगीत टी-शर्ट, ट्रॅकसूट, ब्लेझर (सांगलीत ब्लेझर! मेमधे 40 डिग्री असतं इथं), आणि सगळं एकाच दुकानात. सक्ती नाही म्हणतात, फक्त तो चेक्स दुसरीकडे मिळतच नाही. आणि दोन वर्षांनी चेक्समधली लाल रेघ मरून करून टाकली. धाकटीला थोरल्याचा चालला असता, एका रेघेपायी नवीन. मी विचारलं तर म्हणे ब्रॅंडिंग. मुलीच्या वर्गात आरटीईच्या 25 टक्क्यांतून आलेला एक मुलगा आहे, बुधवारी तो गैरहजर असायचा, पांढरा नव्हता म्हणून. हे मला मुलीनं सांगितलं, शाळेनं नाही. दोघा-तिघांनी मिळून गुपचूप घेऊन दिला, पण त्याच्या आईनं ओळखलंच, दिवाळीला डब्यातून करंज्या आल्या.

कारखाना_परिसर

सगळे त्या एका रंगाला शिव्या घालताय म्हणून उलट लिहितो. माझी शाळा वाळवा तालुक्यात, कारखान्याजवळ. नोव्हेंबरला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडून, आणि जत-आटपाडीकडून पण. त्यांची पोरं चार महिने आमच्या पटावर हंगामी. दरवर्षी ती वेगळ्या रंगात येणार, कुणाची खाकी कुणाची चॉकलेटी, आणि आमची पोरं लांबूनच म्हणणार "कोप्यावरचं आलं" (कोप्या म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या). 2024 च्या नोव्हेंबरला काय झालं, कोप्यावरच्या सहा पोरांपैकी चारजण आमच्याच कपड्यात. तोच आकाशी, तीच निळी पॅन्ट, तीच उसवलेली काख. हजेरी घेताना मलाच पटकन कळेना. मधल्या सुट्टीत कबड्डीला संघ पाडले तेव्हा कुणी बाजूला राहिलं नाही. आता परत ज्या त्या शाळेचा रंग, आणि नोव्हेंबरला परत लांबून हाका सुरू होणार. डोंगरवाडी गुरुजींचं चुकीचं नाही, त्यांच्याकडे रंग नाही माप अडलं होतं. कापड एका रंगाचं देऊन माप गावात घ्यायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

सातारकर_धागाकर्ता

कारखाना परिसर, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः तो निर्णय फिरवला तेव्हा खूश झालेलो. कर्मवीरांनी 1924 ला सातारला सगळ्या जातीची पोरं एका वसतिगृहात ठेवली ते आम्ही भाषणात सांगतो, आणि कोप्यावरचं पोरगं चार महिने कुठल्या रंगात बसतं ते बघत नाही. बाकी मावशी, मार्जिनचा मुद्दा सोळा आणे. पुतणीचा ड्रेस शिवायला टाकलाय, उद्या जाऊन बघतो आत किती सोडलंय.

रहिमतपूर_टेलर

दोन इंच सोडायला सांगा, मुलगी असेल तर चौथी-पाचवीत अडीच.

मी लिहिणारा माणूस नाही पण पोरगं म्हणालं पप्पा तुम्ही लिहा. वडलांपासून दुकान. माझ्याकडे वही आहे, एका पोराला एक पान, पहिलीपासून सातवीपर्यंत त्याच पानावर खाली खाली माप लिहायचं. उंची, छाती, कंबर, बाही. नवीन माप घेताना मागचं बघतो म्हणजे किती वाढतंय त्याचा अंदाज येतो, त्यावर किती सोडायचं ते. बऱ्याच पानांवर 2020 आणि 21 ची ओळ रिकामी आहे, शाळाच बंद होत्या. 22 च्या जूनला पोरं आली तर कुणी चार इंच कुणी पाच इंच, एक पोरगी तर मी ओळखलीच नाही, तिनंच पान काढून दाखवलं. आणि 2024 ची ओळ पण रिकामी, त्या वर्षी माप घ्यायला कुणी आलंच नाही, शाळेचं काम नव्हतं. त्या वर्षी मी गणपती मंडळांचे कुडते शिवून काढलं.

आता परत सुरू झालंय. 300 रुपयात कापड-शिलाई सगळं बसवायचं म्हणजे ओढाताण आहे पण दोन शाळा घेतल्यात. उद्या सकाळी वाडीवरच्या शाळेत टेप आणि वही घेऊन जायचंय, मास्तर म्हणालेत दहाच्या आत या, नंतर पोरं रानात पळतात.