बांबूच्या काठीतला स्टार्च: पीक म्हणायचं की कीड?

मलप्रभाकाठ (खानापूर)
परवा आमच्या गावात बैठक झाली. उसाला पाणी पुरत नाही, रानडुकरं उभं पीक लोळवतात, म्हणून पडीक रानात बांबू लावा, असं एका रोपं विकणाऱ्यानं सांगितलं. इथवर पटलं. पुढं म्हणाला, काठीतला स्टार्च वेगळा विका, तंतू वेगळा विका. याला माझा ठाम विरोध आहे.

काठीतला स्टार्च म्हणजे बेटाची शिदोरी. पेराच्या भिंतीतल्या मऊ पेशींत तो साठतो आणि पावसाळ्यात नवे कोंब सरसर वाढतात ते याच साठ्यावर. त्यामुळं जात, वय आणि महिना बदलला की त्याचं प्रमाणही बदलतं. साबुदाण्याच्या कंदात वजनाच्या पाव हिश्श्याएवढा स्टार्च असतो, कंद किसून पाण्यात धुतला की निघतो. मक्याची तर आपल्या बेळगाव जिल्ह्यात शेतंच्या शेतं आहेत. हे सोडून लाकडासारखी काठी दळत कोण बसेल?

ऊसवाला (चिकोडी)
दादा, स्टार्चसाठी काठी फोडायची असं धरूनच तुम्ही बोलताय. उलटं बघा की. काठी तंतूसाठी फोडायचीच आहे. ठेचून पाण्यात घुसळली की लांब तंतू चाळणीवर राहतात, मऊ पेशींचा भुसा आणि स्टार्च पाण्याबरोबर खाली उतरतात. ब्राझीलमध्ये याचे प्रयोग झालेत. कागदाला तो भुसा नकोच असतो. बांबूचा तंतू सरासरी २ मिलिमीटरच्या आसपास, निलगिरीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून कागदाला त्याचं मोल आहे. राहिलेला स्टार्च खळीला, डिंकाला जाईल. साखर कारखान्यात मळी आणि चिपाड ही उरलेलीच वस्तू, पण आज मळीवर डिस्टिलरी चालते आणि चिपाडावर वीज होते.

बुट्टीवाली
आमच्या घरी तीन पिढ्या बुट्ट्या, सुपं, रोवळ्या विणतात. स्टार्च हा शब्द मी शाळेत शिकले. आजी म्हणायची, काठी गोड आहे, किडा लागणार. तसंच होतं. गोड काठीत बारीक भुंगा शिरतो आणि खाली पिठासारखा भुगा सांडतो. मांडवाला लावलेली काठी वर्षभरात पोकळ होते. म्हणून मांडवाची काठी तीन वर्षांची झाल्यावर, पावसाळा सरला की तोडायची आणि वाहत्या ओढ्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची. काठी अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडावी हे कोणी मानो न मानो, ऋतूचं गणित पक्कं आहे.

आणि तंतू कुठं असतो ते आमच्या हाताला ठाऊक आहे. पाठीकडची, म्हणजे सालीकडची बेळं (विणायच्या पट्ट्या) चिवट, पोटाकडची, म्हणजे आतली ठिसूळ. पाठीत तंतू दाट, पोटात मऊ पेशी, म्हणजे तुमचा स्टार्चही तिथंच. पाठीच्या बेळांची बुट्टी पोटाच्या बुट्टीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. कारखाना आला तर पाठ-पोट एकत्र दळणार. मग आम्हाला काठी कुठल्या भावात मिळायची?

लोंढा लाईन
ताईंचा प्रश्न जुनाच आहे. शेजारच्या कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यात सरकारनं कागदासाठी जंगलातला बांबू मातीमोल दरानं दिला आणि बुट्टीवाल्याला तोच बाजारभावानं घ्यावा लागला. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तिथं अभ्यास केला. बेटाभोवतीचे काटे साफ केले की वाढ चांगली होते, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब गुरं खातात. गावकऱ्यांचंच खरं निघालं.

ऊसवाला (चिकोडी)
ते जंगलातलं झालं ओ. २०१७ साली कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू आता झाड धरला जात नाही. आपल्या रानातला आपण तोडू, आपण विकू. भाव ठरवायला शेतकरी आणि बुरूड एकत्र बसले तर कोण अडवतं?

मलप्रभाकाठ (खानापूर)
भुशाबरोबर स्टार्च आपसूक निघतो, हे मान्य. माझं म्हणणं तेवढं मागं घेतो. पण ठेचायला, धुवायला आणि ते पाणी स्वच्छ करायला लागणारा खर्च त्या बैठकीत कोणी काढला नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आमच्या दारावरून जाते. स्टार्चचं पाणी तसंच सोडलं तर ते कुजून पाण्यातला प्राणवायू खातं, मासे मरतात.

'बांबूच्या कापडा'चंही तेच. दुकानात मऊ म्हणून मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन असतं. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड घालून लगदा विरघळवतात, मग त्याचा धागा ओढतात. त्यात बांबूचा मूळ तंतू उरत नाही. अमेरिकेत २००९ साली रेयॉनला बांबू म्हणून विकणाऱ्यांवर सरकारी आयोगानं कारवाई केली. रसायनाशिवाय काढलेला तंतू जाडाभरडा असतो, पण दोर, पोती, चटई यांना चालेल. तेवढ्यासाठी छोटी यंत्रं लागतात, ती खानापुरातच बसवता येतील.

बुट्टीवाली
काका, तसं झालं तर माझी हरकत नाही. पाठीची बेळं आम्ही काढून घेऊ, पोटाचं आणि गाठींचं ठेचायला न्या. आज ते आम्ही चुलीत घालतो. आणि रोपं घेताना एक विचारा, सगळी एकाच बियाण्याची आहेत का? काटेरी कळक तीस-चाळीस वर्षांनी एकदम फुलतो, दाणे देतो आणि बेटच्या बेट वाळतं. सगळ्या गावाचा कळक एका बियाण्याचा असला तर तो बहुधा एकाच वेळी मरेल.