हाताने काढलेलं ॲनिमेशन संपलं की संपवलं?

चित्रकला_मास्तर

गेल्या आठवड्यात सोलापुरात नवी पेठेत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती तिला. तिने काढलेली गड्ड्याची जत्रा मला अजून आठवते. पाळण्याकडे मान वळवून बघणारा, आईच्या हाताला लोंबकळलेला पोरगा तिने चार रेषांत उभा केला होता. तिला ॲनिमेशन शिकायचंय. एका क्लासमध्ये चौकशीला गेली तर सांगितलं, "ड्रॉइंगची गरज नाही, आता सगळं सॉफ्टवेअर करतं." ती मला विचारत होती, "मग सर, इतकी वर्षं मी काय केलं?"

तिला उत्तर दिलं, पण मन भरलं नाही. म्हणून इथे मांडतो.

1937 च्या 'स्नो व्हाइट'पासून जवळजवळ साठ वर्षं मोठ्या पडद्यावरची लांब कार्टूनं माणसांनी कागदावर काढली. 1995 ला 'टॉय स्टोरी' आला, संपूर्ण संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढच्या नऊच वर्षांत, जानेवारी 2004 मध्ये, डिस्नेने फ्लोरिडातला आपला हातचित्रांचा स्टुडिओ बंद केला. सगळीकडे एकच बोललं गेलं, की लोकांना आता रेषा नको, थ्रीडी हवंय.

हे मला पटत नाही. 2002 मध्ये आलेले डिस्नेचे हाताने काढलेले दोन चित्रपट घ्या. 'ट्रेझर प्लॅनेट'वर सुमारे 14 कोटी डॉलर खर्च झाले आणि तो बुडाला. 'लिलो अँड स्टिच' सुमारे 8 कोटींत झाला आणि त्याने 27 कोटींहून जास्त कमावले. पेन्सिल दोन्हीकडे तीच. त्याच्या आदल्या वर्षी 'फायनल फँटसी' हा पूर्ण संगणकावर केलेला चित्रपट जोरात आपटला, तेव्हा संगणक बंद करा असं कोणी म्हटलं नाही. हाताने काढलेल्या चित्रपटाचं अपयश मात्र रेषेच्या माथी मारलं. प्रेक्षकांनी हाताचं काम नाकारलेलं नाही, मालकांनी ते बंद केलं. आणि त्याचा परिणाम आज माझ्या सोलापूरच्या विद्यार्थिनीला भोगावा लागतोय, हे माझं म्हणणं.

ताणाबाणा

सर, नमस्कार. तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी विरोधात बोलणार.

आमचं घर चादरीचं. वडील जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, डिझाइन मास्तर होते. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, मोर, कमळ, किनार. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीने शिवायची, मागावर चढवायची. एका नव्या डिझाइनमागे कितीतरी दिवस जायचे. चौकोन चुकला तर कार्ड परत. पन्नाशीत त्यांना सुई ओवता येईना. आता मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत तेच काम संगणकावर करतो. सकाळी बसलो की संध्याकाळी डिझाइन तयार, गिऱ्हाइकाला रंग आवडला नाही तर तिथल्या तिथं बदलून देतो.

"हाताचं, हाताचं" म्हणणारे सगळे बघणारे असतात ओ. करणाऱ्याला विचारा. माझे वडील कधीच म्हणाले नाहीत की पोरा, तू पण चौकोन रंगव.

आणि एक सांगतो. फ्रान्सच्या जाकारने, ज्याच्या नावावरून जेकार्ड, 1804 च्या सुमाराला भोकांच्या कार्डांवर चालणारा माग काढला. त्या कार्डांची कल्पना पुढे गणनयंत्र बांधू पाहणाऱ्या बॅबेजने उचलली. म्हणजे संगणकाच्या आज्यापणज्यांत आमचा माग आहे. सोलापुरात बसून संगणकाला परका म्हणू नका.

विजापूर_रोड

मला यातलं तांत्रिक कळत नाही, आई म्हणून लिहिते. जपानी आणि भारतीय कलाकारांनी मिळून हाताने काढलेलं ते जुनं रामायण जानेवारी 2025 मध्ये थिएटरात पुन्हा लागलं, तेव्हा मी पुण्याला बहिणीकडे होते. सात वर्षांच्या लेकीला नेलं. ती हलली नाही जागची. पण तीच लेक समुद्र, बर्फ, केसाळ राक्षस असलेले संगणकाचे चित्रपट बघतानाही तशीच गुंगते, रडतेसुद्धा. मुलांना गोष्ट लागते. भांडण आपलं मोठ्यांचं आहे.

क्लीनअपवाला

मास्तर, मी त्या टेबलावर बसलेला माणूस आहे. मुंबईत एका स्टुडिओत आधी इनबिट्विनर, मग क्लीनअप.

काम काय असतं ते आधी सांगतो, कारण इथे बरेच जण नुसतं "हाताने काढतात" एवढंच म्हणतात. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढतो: हात वर, हात खाली. मधली चित्रं इनबिट्विनर काढतो. कागदाला खाली भोकं असतात, ती पेग बारच्या खुंट्यांवर बसवायची, म्हणजे कागद केसभरही सरकत नाही. खालून दिवा. दोन कागद एकावर एक ठेवून मधली रेष शोधायची. मग क्लीनअपवाला खरखरीत रेघांतून एकच स्वच्छ रेष काढतो. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं. दीड तासाच्या चित्रपटाला एका पात्राची 64,800. समोर दुसरं पात्र आलं की त्याची वेगळी.

पैसे चित्रामागे मिळायचे. चित्र नापास झालं तर शून्य. आणि तुम्ही ज्या कलेसाठी हळहळता ती आमच्याकडे कुठे होती? पोझ परदेशातून यायच्या, आम्ही मधलं भरायचो. बाहेरून काम येणं थांबलं तसा स्टुडिओने दिव्याची टेबलं भंगारात काढली आणि आम्हाला एका महिन्याची मुदत दिली. मी बत्तिसाव्या वर्षी माउस धरायला शिकलो.

तरी मास्तरांचं एक खरं आहे. आपल्याकडे याची शाळा होती. 1956 मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, आपले ॲनिमेटर राम मोहन तिथेच घडले. तुमच्यातल्या निम्म्यांना पाठ असलेलं 'एक अनेक और एकता' हे छोटं कार्टून 1974 चं. त्या लोकांनी स्वतःच्या गोष्टी स्वतःच्या रेषेत सांगितल्या. आम्ही नंतरचे दुसऱ्यांच्या गोष्टींचे मजूर झालो. मला टोचतं ते हे. संगणकाचा राग नाही.

जुळे_सोलापूरकर

मी थ्रीडी ॲनिमेटर आहे, सध्या हैदराबादला. "सगळं सॉफ्टवेअर करतं" हे त्या क्लासने सांगितलं, ते धादांत खोटं आहे. पण मास्तर, तुमच्या लिहिण्यातही तोच सूर आहे, म्हणून वाईट वाटलं. तुम्ही एका बाजूला "माणसांनी काढलेलं" आणि दुसऱ्या बाजूला "संगणकावर केलेलं" असं मांडलंत. संगणकावर काय भुतं बसतात का?

संगणकातल्या पात्राच्या सांगाड्याला ते हलवायच्या शेकडो कळा, म्हणजे कंट्रोल, असतात. भुवई किती उचलायची, खांदा हाताच्या आधी हलवायचा की नंतर, हे मीच ठरवतो. चार सेकंदांच्या शॉटला माझा आठवडा जातो. दबणं-ताणणं, झेप घेण्याआधी मागे झुकणं, हे सगळं कागदवाल्यांकडूनच आलंय. 'टॉय स्टोरी'चा दिग्दर्शक जॉन लॅसेटर हातचित्रांतच शिकलेला, आणि ती तत्त्वं थ्रीडीत कशी आणायची यावर त्याने 1987 मध्ये निबंध लिहिला होता.

तुमचा शुद्ध हाताचा काळही तितका शुद्ध नव्हता. डिस्नेने 1990 पासूनच सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, रंगवणं सोडून संगणकात रंग भरायला घेतले होते. 1994 च्या 'लायन किंग'मधली गव्यांसारख्या जनावरांची ती चेंगराचेंगरी संगणकावर केलेली आहे. आणि 2025 ला आपल्याकडचा थ्रीडी 'महावतार नरसिंह' आठवडेच्या आठवडे चालला. आपल्याकडच्या स्टुडिओला तो कागदावर परवडला असता?

चित्रकला_मास्तर

जुळे_सोलापूरकर, तुझा राग रास्त आहे. माझ्या मांडणीत तो दोष होता, मागे घेतो. कळा हलवणाराही कलावंतच.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. ताणाबाणा, तुमच्या वडिलांनी चौकोन रंगवायच्या आधी मोर काढला होता. तो मोर कोणी शिकवला? तुम्ही आज संगणकावर किनार फिरवता, पण कुठली किनार चादरीला शोभते हे तुमच्या डोळ्यांना वडिलांच्या शेजारी बसून कळलं. ते कळणं पुढच्या पोराला कुठून मिळणार? क्लास म्हणतो गरज नाही. चित्रकलेचा तास शाळेत गणिताच्या सरांना दिला जातो, हे मी दरवर्षी बघतो.

जपानने काय केलं बघा. संगणक त्यांच्याकडेही आहे आणि ते तो वापरतात. तरी ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक मियाझाकी यांचा घिब्ली स्टुडिओ कागद-पेन्सिल सोडायला तयार झाला नाही. 2003 ला ऑस्कर मिळालं, 2024 ला पुन्हा मिळालं. आणि 2025 च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर' हा जपानी ॲनिमेशनपट लागला तेव्हा माझ्या नववीच्या वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ती पोरं रेषाच बघायला गेली होती.

ताणाबाणा

मोर वडिलांनी आजोबांकडून घेतला, हे खरं. पण सर, जपानचं नाव सांगताना तिथल्या मधली चित्रं काढणाऱ्या पोरांचे पगारही सांगा. फार कमी मिळतं त्यांना, ते काम सोडून जातात, हे तिथलीच माणसं बोलतात. कला टिकली, पण कोणाच्या पाठीवर? माझं मत बदललेलं नाही. पोरीला आधी पोट भरेल ते शिकू द्या.

वडिलांचे ग्राफ पेटीत आहेत, गुंडाळून ठेवलेले. मुलांना दाखवायचे असतील तर रविवारी या. हातात द्यायचे नाहीत, कागद कडेने तुटतोय.

चित्रकला_मास्तर

येतो. सहा-सात जण असू, ती विद्यार्थिनीही असेल. पोट भरण्याबद्दल मी तिला फसवणार नाही, संगणक शिकच म्हणून सांगितलंय. पण त्याआधी या सुट्टीत दहा सेकंदांचं एक काम कागदावर करून घेणार आहे. तोच पाळणा, तोच पोरगा, 120 चित्रं.

क्लीनअपवाला

मग पेग बार शोधत बसू नका, महाग पडेल. ऑफिसातलं दोन भोकांचं साधं पंच घ्या, लाकडी पट्टीवर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवा, कागद त्यात अडकवा. खिडकीची काच टेबलावर आडवी ठेवून खाली एलईडीची ट्यूब लावली की झालं. आणि तिला सांगा, चित्र 1 नंतर चित्र 2 काढू नकोस. आधी 1 काढ, मग 13, मग मधलं 7. पोराची मान वळताना सरळ रेषेत नेऊ नकोस, हनुवटी थोडी खाली जाऊन वर येते. पहिली वीस चित्रं झाली की फोटो काढून इथे टाका, मी बघून देतो.